तिसरा डोळा : प्रतीक, ग्रंथी आणि शिकवणीवर्ग

पुराणातील शिवाचा नेत्र, योगमार्गातील आज्ञाचक्र आणि मेंदूतील एक इवलीशी ग्रंथी या तीन गोष्टी एकाच नावाखाली कशा आल्या आणि त्या नावावर नेमके काय विकले जाते, याचा वेध.

- प्रतिनिधी

डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेले आठ-दहा वर्षांचे मूल सभागृहात सर्वांसमोर बसलेले असते. त्याच्या हातात रंगीत पत्ते दिले जातात. मूल एकेक पत्ता नाकाजवळ नेते, बोटांनी चाचपते, थोडे थांबते आणि सांगते, 'लाल'. पुढचा 'हिरवा'. मग त्याच्या पुढ्यात वर्तमानपत्र ठेवले जाते आणि मूल अडखळत का होईना, मथळा वाचून दाखवते. टाळ्यांचा कडकडाट होतो. मुलाचा तिसरा डोळा उघडला आहे, असे संयोजक जाहीर करतात. दोन दिवसांची कार्यशाळा, त्यानंतर घरी करावयाचा सराव आणि काही हजार रुपये शुल्क एवढ्या बळावर स्मरणशक्ती, एकाग्रता, परीक्षेतील गुण असे सारे काही वाढेल, अशी हमी दिली जाते. 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन' या नावाने २०१० नंतरच्या दशकात देशातील लहानमोठ्या शहरांत पसरलेल्या वर्गांमधील प्रात्यक्षिकाचे हे ठरावीक स्वरूप.

दुसरे दृश्य घरातले आहे. रात्रीचे दोन वाजून गेले आहेत. नोकरीतील ताणाने किंवा एखाद्या दुःखाने बेचैन झालेली व्यक्ती कानाला हेडफोन लावून 'आज्ञाचक्र जागृती'चे ध्वनिमुद्रण ऐकते आहे. भुवयांच्या मधोमध दाब जाणवतो, मिटलेल्या डोळ्यांपुढे जांभळट प्रकाश तरळतो. ही जागृतीची लक्षणे आहेत, असे पडद्यावरचा मार्गदर्शक सांगतो. झोप येईनाशी झाली, तर तेही लक्षणच. माणसांत मन रमेनासे झाले, तर तेही.

दोन्ही ठिकाणी शब्द एकच आहे आणि त्याला प्राचीन परंपरेचे वलय आहे. म्हणूनच पालकाला किंवा साधकाला शंका विचारणे अवघड जाते. शंका घेतली तर आपण परंपरेचाच अनादर करतो आहोत, असे वाटू लागते. प्रत्यक्षात 'तिसरा डोळा' या दोन शब्दांत किमान तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत : पुराणातील प्रतीक, योगमार्गातील साधनेचे स्थान आणि शरीरातील ग्रंथी. ही गाठ सोडवून पाहिली, की कशाला नमस्कार करावा, काय समजून घ्यावे आणि कोणत्या दाव्याचा पुरावा मागावा, हे ठरवणे सोपे जाते.

शिवाचा नेत्र

शिवाला आपण त्रिनेत्र म्हणतो, त्र्यंबक म्हणतो. नाशिकजवळचे त्र्यंबकेश्वर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. 'त्र्यंबक' हा शब्द ऋग्वेदाच्या सातव्या मंडलाइतका जुना आहे. 'तीन नेत्रांचा' हा त्याचा रूढ अर्थ. तथापि 'अंबा' म्हणजे माता या शब्दाशी त्याचा संबंध जोडून 'तीन मातांचा' असा अर्थ घेणारे अभ्यासकही आहेत.

या नेत्राच्या दोन कथा विशेष प्रसिद्ध आहेत. महाभारताच्या अनुशासनपर्वात पार्वती थट्टेने शिवाचे दोन्ही डोळे आपल्या हातांनी झाकते. क्षणात सारे जग अंधारात बुडते आणि ते सावरण्यासाठी शिवाच्या ललाटावर तिसरा नेत्र प्रकटतो. त्याच्या तेजाने हिमालय होरपळतो. पित्याची ही अवस्था पाहून पार्वती व्याकूळ होते आणि शिव पर्वताला पूर्ववत करतो. दुसरी कथा मदनदहनाची. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'तील तिसऱ्या सर्गामुळे ती रसिकांच्या मनात कायमची कोरली गेली. समाधीत विघ्न आणणारा मदन या नेत्राच्या ज्वाळेत भस्मसात होतो.

दोन्ही कथांत हा डोळा लपलेली वस्तू ओळखण्यासाठी किंवा भविष्य पाहण्यासाठी उघडत नाही. एकदा तो जगाला उजेड देतो, एकदा वासना जाळतो. भगवद्‌गीतेतही हेच सूत्र निराळ्या शब्दांत दिसते. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहण्यासाठी अर्जुनाला दिव्य चक्षू दिले जातात. ते त्याने कोणत्या सरावाने कमावलेले नसतात. तेराव्या अध्यायाच्या अखेरीस 'ज्ञानचक्षू' हा शब्द येतो, तो देह आणि देहाला जाणणारा यांतील भेद ओळखणाऱ्या दृष्टीसाठी. आपल्या जुन्या वाङ्मयात आतल्या डोळ्याचा अर्थ प्रामुख्याने विवेक असा आहे, तो असा.

आज्ञाचक्र आणि सात रंगांचा तक्ता

योग आणि तंत्रमार्गात भुवयांच्या मधल्या जागेला साधनेच्या दृष्टीने महत्त्व आहे. तेथे 'आज्ञाचक्र' कल्पिलेले आहे. बंगालमधील तांत्रिक आचार्य पूर्णानंद यांच्या सोळाव्या शतकातील 'षट्‌चक्रनिरूपण' या संस्कृत ग्रंथात त्याचे तपशीलवार वर्णन मिळते. दोन पाकळ्यांचे कमळ, त्यांवर 'ह' आणि 'क्ष' ही अक्षरे, चंद्रासारखा शुभ्र वर्ण आणि मनाचे स्थान. गुरूची आज्ञा येथे पोहोचते म्हणून हे आज्ञाचक्र, अशी या नावाची उपपत्ती सांगितली जाते. म्हणजे नावाचा रोख पाहण्यापेक्षा ऐकण्याकडे अधिक आहे.

चक्रे नेमकी किती, याविषयी जुन्या ग्रंथांत एकवाक्यता नाही. कुठे पाच, कुठे सहा, तर नाथपंथीय 'सिद्धसिद्धान्तपद्धती'त नऊ. शरीरातील अवयवांची मोजदाद करायची असती, तर हा फरक राहिला नसता. चक्रे ही प्रामुख्याने ध्यानासाठी कल्पिलेली स्थाने आहेत, असे अनेक अभ्यासक म्हणूनच मानतात. महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीजागृतीचे विस्तृत वर्णन आहे. मूळ गीतेत कुंडलिनीचा उल्लेख नाही. ज्ञानदेवांनी तो आपल्या नाथपरंपरेतून आणला. त्याच सहाव्या अध्यायात गीतेने घातलेली अट मात्र सहसा कुणी सांगत नाही. अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला आणि सतत जागणाऱ्याला योग साधत नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे.

ही माहिती जगभर पोहोचली ती कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर जॉन वुड्रॉफ यांच्यामुळे. 'आर्थर अ‍ॅव्हलॉन' या टोपणनावाने त्यांनी १९१९ मध्ये 'द सर्पंट पॉवर' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात 'षट्‌चक्रनिरूपणा'चे भाषांतर होते. पुढे पाश्चात्त्य लेखकांनी त्यात आपापली भर घातली. आज योगवर्गाच्या भिंतीवर दिसणारा तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा इंद्रधनुषी चक्रांचा तक्ता संस्कृत ग्रंथांतील वर्णांशी जुळत नाही. तो विसाव्या शतकातील पाश्चात्त्य लेखनातून रूढ झाला. ध्यानात जांभळा प्रकाश दिसला म्हणून आज्ञाचक्र उघडले, असे मानणाऱ्याने हा तपशील लक्षात ठेवावा. पूर्णानंदांच्या ग्रंथात ते चक्र शुभ्र आहे.

ग्रंथीशी गाठ कुणी मारली?

मेंदूच्या मध्यभागी, खोलवर, भाताच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते. पाइन वृक्षाच्या शंकूसारखा आकार म्हणून तिला पिनिअल म्हणतात. दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेनला ती ठाऊक होती. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याने १६४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिला आत्म्याचे प्रमुख आसन ठरवले. त्याचा युक्तिवाद असा, की मेंदूचे इतर भाग जोडीने आहेत, ही ग्रंथी मात्र एकटी. दोन डोळ्यांनी पाहूनही आपल्याला एकच दृश्य दिसते, तेव्हा सर्व संवेदना एकत्र येण्याचे ठिकाण हेच असले पाहिजे. तर्क चतुर होता, पण शरीररचनेने त्याला साथ दिली नाही.

दोनशेहून अधिक वर्षांनी जीवशास्त्राने या कथेला अनपेक्षित वळण दिले. न्यूझीलंडमधील 'टुआटारा' या सरड्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या डोक्यावर, त्वचेखाली, भिंग आणि दृष्टिपटल असलेला खराखुरा तिसरा डोळा असल्याचे १८८६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला चित्र दिसत नाही, पण प्रकाशाची जाणीव होते. हा डोळा आणि पिनिअल ग्रंथी उत्क्रांतीच्या दृष्टीने एकाच कुळातील आहेत.

या शोधाचा लाभ घेतला तो थिऑसॉफी चळवळीच्या प्रवर्तक हेलेना ब्लाव्हाट्स्की यांनी. या चळवळीचे मुंबईशी जवळचे नाते होते. न्यूयॉर्कमध्ये १८७५ साली स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी येथूनच 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक सुरू केले. पुढे १८८२ च्या अखेरीस त्यांचे मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला हलले. ब्लाव्हाट्स्की यांचा 'द सीक्रेट डॉक्ट्रिन' हा ग्रंथ १८८८ मध्ये, म्हणजे टुआटाराच्या डोळ्याची बातमी ताजी असताना प्रसिद्ध झाला. प्राचीन मानवाला तिसरा डोळा होता, तो कालांतराने निष्क्रिय झाला आणि पिनिअल ग्रंथी हा त्याचाच अवशेष, असे त्यांनी मांडले. शिवाचा नेत्र, आज्ञाचक्र आणि पिनिअल यांची आज सर्वत्र गृहीत धरली जाणारी जोडणी मुख्यतः तेथून रूढ झाली. मराठी वैज्ञानिक परिभाषेतही या ग्रंथीसाठी 'तृतीय नेत्र पिंड' असे नाव आढळते, इतकी ती जोडणी आता अंगवळणी पडली आहे. पण ती जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांची आहे.

कल्पनेला बाजारपेठ मिळते, तेव्हा काय घडते, याचे उदाहरण १९५६ मध्ये लंडनमध्ये दिसले. लोबसांग राम्पा नावाच्या तिबेटी लामाचे 'द थर्ड आय' हे आत्मकथन तेव्हा तडाखेबंद खपले. कपाळाच्या हाडाला छिद्र पाडून आपला तिसरा डोळा कसा उघडला गेला, याचे त्यात सविस्तर वर्णन होते. तिबेटच्या जाणकारांना संशय आला. त्यांनी नेमलेल्या खासगी गुप्तहेराने १९५८ मध्ये शोधून काढले, की हा लामा म्हणजे इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात जन्मलेला, तिबेटला कधीही न गेलेला सिरिल हॉस्किन नावाचा इसम आहे. एका लामाच्या आत्म्याने आपल्या शरीराचा ताबा घेतला आहे, असे त्याने त्यावर उत्तर दिले. पुस्तक खपतच राहिले.

ही ग्रंथी करते तरी काय?

येल विद्यापीठातील अ‍ॅरन लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये गुरांच्या पिनिअल ग्रंथींतून 'मेलाटोनिन' हे संप्रेरक वेगळे काढले. योगायोग असा, की राम्पाचे बिंग फुटले तेच हे वर्ष. अंधार पडला, की ही ग्रंथी मेलाटोनिन स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. प्रकाश दिसला, की हा स्राव रोखला जातो. माणसाची पिनिअल ग्रंथी स्वतः प्रकाश पाहत नाही. आपल्या दोन डोळ्यांच्या दृष्टिपटलापासून निघालेला संदेश मेंदूतील जैविक घड्याळामार्फत तिच्यापर्यंत पोहोचतो. प्रकाशाची मुळीच जाणीव नसलेल्या अनेक पूर्ण अंध व्यक्तींचे झोपेचे चक्र चोवीस तासांशी जुळत नाही, ते यामुळेच. तिसरा डोळा म्हणून जिचा गौरव होतो, ती ग्रंथी पहिल्या दोन डोळ्यांवर अशी अवलंबून आहे. मध्यरात्रीपर्यंत मोबाइलच्या उजेडात 'पिनिअल जागृती'चे धडे गिरवणारी व्यक्ती त्या ग्रंथीच्या नैसर्गिक कामात अडथळाच आणत असते.

या ग्रंथीत वयोमानाने कॅल्शियमचे कण साचतात. त्याचा धाक घालून 'शुद्धीकरणा'चे आहार आणि पूरक गोळ्या विकल्या जातात. प्रौढांमध्ये हे कण सर्रास आढळतात. क्ष-किरणचित्रांच्या जमान्यात मेंदूचा मध्य ओळखण्यासाठी डॉक्टरांना त्यांचाच आधार असे. ते काढून टाकल्याने अतींद्रिय शक्ती मिळाल्याचा कोणताही पुरावा नाही.

डीएमटी या भ्रमजनक रसायनाचा उल्लेखही या संदर्भात वारंवार होतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रिक स्ट्रॅसमन यांनी २००१ च्या आपल्या पुस्तकात, गूढ अनुभवांच्या वेळी पिनिअल ग्रंथी हे रसायन स्रवत असावी, अशी अटकळ मांडली. उंदरांच्या पिनिअलमध्ये ते अल्प प्रमाणात आढळल्याचे २०१३ मध्ये दिसले. मात्र पिनिअल काढून टाकलेल्या उंदरांच्या मेंदूतही ते सापडते, असे २०१९ मधील संशोधनाने दाखवले. तेव्हा या ग्रंथीला गूढ अनुभवांचा एकमेव कारखाना ठरवण्यास आधार उरलेला नाही.

पट्टीखालची फट

आता पुन्हा त्या सभागृहाकडे वळू. मिडब्रेन, म्हणजे मध्यमेंदू, हा मेंदूच्या स्तंभाचा वरचा, सुमारे दोन सेंटीमीटर लांबीचा भाग. डोळ्यांची हालचाल, बाहुलीचे आकुंचन, ऐकण्याच्या संदेशांचे वहन अशी कामे तो जन्मापासून करीत असतो. त्याला जागे करावे लागत नाही. तो खरोखरच बंद पडलेले मूल कार्यशाळेत नव्हे, अतिदक्षता विभागात असेल.

मग पट्टी बांधून वाचता कसे येते? नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी गालाला पूर्ण चिकटत नाही. तेथे राहणाऱ्या बारीक फटीतून खाली पाहिले, की छातीजवळ धरलेला कागद सहज दिसतो. म्हणूनच मूल मान किंचित वर करते आणि वस्तू नाकाजवळ नेते. 'वास घेऊन ओळखतो' हे त्या कृतीला दिलेले सोयीचे स्पष्टीकरण. पट्टीच्या कडा नीट बंद केल्या, हनुवटीखाली पुठ्ठा आडवा धरला किंवा कागद डोक्याच्या मागे नेला, की वाचन थांबते. मंगळूरचे विवेकवादी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनी अशा दाव्यांना जाहीर आव्हान दिले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही चमत्काराच्या दाव्यांना कसोटीवर उतरण्याचे आवाहन सातत्याने करीत आले आहेत.

कोणत्याही प्रयोगशाळेविना सुचावा असा एक प्रश्नही आहे. डोळ्यांवाचून वाचण्याची विद्या दोन दिवसांत शिकवता येत असेल, तर तिचा पहिला वर्ग अंधशाळेत का भरत नाही? ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे, त्यांना वगळून ती फक्त डोळस मुलांनाच का शिकवली जाते?

यात सर्वांत मोठे नुकसान शुल्काचे नाही. मूल मुळात लबाड नसते. त्याला फटीतून खरोखरच दिसते आणि मोठी माणसे सांगतात, की हाच तुझा तिसरा डोळा. त्याला ते खरे वाटते किंवा निदान खरे मानावेसे वाटते. आईवडील टाळ्या वाजवतात, नातेवाइकांपुढे प्रयोग करायला लावतात. पुढे कधीतरी त्याला फटीचे रहस्य उमगते. तेव्हा सत्य सांगितले तर आईवडिलांची निराशा आणि न सांगितले तर रोजचे ढोंग, एवढेच दोन पर्याय त्या वयात त्याच्यापुढे उरतात. एकाग्रता वाढवायला नेलेल्या मुलाच्या पदरी आपण हे टाकतो.

अनुभव खरा, अर्थ तपासावा

प्रौढ साधकांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ध्यानात जाणवणारा दाब, दिसणारा प्रकाश, अंगभर उठणाऱ्या लहरी हे सारे खोटे असते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनुभव येतो, हे खरेच असते. त्याचा अर्थ लावताना मात्र सावध राहावे लागते. शरीराच्या एखाद्या बिंदूवर बराच वेळ लक्ष केंद्रित केले, की तेथील एरवी न जाणवणारी संवेदना ठळक होते. मिटलेल्या डोळ्यांपुढे रंग आणि ठिपके तरळणे हा दृष्टियंत्रणेचा नित्याचा व्यापार आहे. वेगाने श्वासोच्छ्वास केल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामुळे हातापायांना मुंग्या येतात आणि डोके हलके होते. झोप आणि जाग यांच्या सीमेवर चित्रे दिसतात, आवाज ऐकू येतात.

हे सांगितल्याने ध्यानाचे मोल कमी होत नाही. लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांचे परिणाम क्ष-किरण आणि मापनयंत्रांच्या साहाय्याने तपासले आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकातून मांडले. साधना आणि चिकित्सा एकत्र नांदू शकतात, याचा हा घरचाच दाखला.

जागृती झोप हिरावते तेव्हा

कुंडलिनीच्या अनुभवाचे आधुनिक काळातील एक प्रामाणिक कथन पंडित गोपी कृष्ण यांचे आहे. सरकारी नोकरीत असलेल्या या काश्मिरी गृहस्थांना डिसेंबर १९३७ मध्ये जम्मू येथे ध्यान करीत असताना विलक्षण अनुभव आला. त्यानंतर सुखाचे दिवस आले नाहीत. निद्रानाश, अंगाचा दाह, भीती, आप्तांविषयी वाटेनाशी झालेली माया अशा यातना त्यांनी दीर्घकाळ भोगल्या. त्यांचे पुस्तक १९६७ मध्ये आले. त्यात त्यांनी त्या यातना झाकल्या नाहीत आणि पुढे या विषयाच्या शास्त्रीय संशोधनाचा आग्रह धरला.

वैद्यकशास्त्रानेही या अनुभवांकडे पूर्ण पाठ फिरवलेली नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ च्या आपल्या निदानसंहितेत 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' असा स्वतंत्र प्रकार नोंदवला, तो मानसिक आजार म्हणून नव्हे, तर मदतीची गरज असलेली अवस्था म्हणून. ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे साठ बौद्ध ध्यानसाधकांच्या मुलाखतींतून भीती, निद्रानाश, आपलेपणाची जाणीव हरवणे अशा अडचणी नोंदवल्या गेल्या. ध्यान बहुतेकांना मानवते, पण सर्वांना, सर्व काळी आणि कितीही मात्रेत मानवतेच असे नाही.

धोका निर्माण होतो तो प्रत्येक त्रासाला 'जागृती' म्हटले जाते तेव्हा. स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार यांसारख्या आजारांची सुरुवात बहुधा तारुण्यात होते. आवाज ऐकू येणे, कित्येक दिवस न झोपताही थकवा न जाणवणे, बोलण्याचा वेग आणि खर्च अचानक वाढणे, आपली नियुक्ती एखाद्या दैवी कार्यासाठी झाली आहे अशी ठाम खात्री, घरच्यांवर संशय, जेवणखाण सुटणे किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार ही लक्षणे दिसली, तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. उपचार जितके लवकर, तितका सुधारणेला वाव अधिक. पूर्वी हा मोलाचा वेळ देवऋषीच्या अंगाऱ्यात जाई. आता तो 'उच्च ऊर्जा झेपत नाही' या सुशिक्षित भाषेत जातो. भाषा बदलली, उशीर तोच. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो आणि तो घेतल्याने कुणाची साधना बाटत नाही.

कायदा काय म्हणतो?

डॉ. दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे आणि त्यांच्या प्रसाराने लोकांना फसवणे हा या कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पूजा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, पारंपरिक विद्येचे अध्ययन यांना कायद्याने हात लावलेला नाही. भुवयांच्या मध्ये चित्त एकाग्र करून बसणे हा ज्याचा त्याचा अधिकार. त्यातून अमुक शक्ती हमखास मिळेल असे सांगून शुल्क घेणे ही निराळी गोष्ट आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही दाद मागता येते.

पैसे भरण्यापूर्वी हे विचारा

- पट्टी आम्ही आणलेली आणि आमच्या हातांनी बांधलेली चालेल काय?
- वस्तू मुलाच्या डोक्यामागे किंवा बंद पाकिटात ठेवली, तर ओळखता येईल काय?
- गुण किंवा स्मरणशक्ती वाढेल, ही हमी लेखी मिळेल काय? न वाढल्यास शुल्क परत मिळेल काय?
- प्रौढांच्या शिबिरात : त्रास झाल्यास कुणाशी संपर्क साधायचा? चालू असलेली औषधे बंद करण्यास सांगितले जाते काय? तसे सांगितले गेल्यास तेथून उठून यावे, हे उत्तम.

या प्रश्नांनी खरा गुरू रागावणार नाही. पतंजलींच्या योगसूत्रांतील तिसऱ्या पादात अनेक सिद्धींचे वर्णन आहे आणि त्या समाधीच्या मार्गातील अडथळे आहेत, असा इशाराही तेथेच दिला आहे. महाराष्ट्राच्या लोकस्मृतीत हाच इशारा चांगदेवांच्या कथेने जिवंत ठेवला. चौदाशे वर्षे जगलेले, सिद्धींच्या बळावर वाघावर स्वार होऊन आलेले चांगदेव ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले आणि मायना काय लिहावा हे न सुचल्याने त्यांनी कोरा कागद पाठवला, अशी आख्यायिका आहे. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी दिलेले उत्तर म्हणजे 'चांगदेव पासष्टी'. पाहणारा, पाहणे आणि पाहिली जाणारी वस्तू या तिन्हींचा विचार त्या पासष्ट ओव्यांत आहे. चमत्काराच्या मागे लागलेल्या योग्याला ज्ञानदेवांनी नवा डोळा दिला नाही. पाहणारा कोण आहे, याकडे वळून बघायला सांगितले.

ते वळून बघणे दोन दिवसांच्या कार्यशाळेत होत नाही आणि त्यासाठी डोळ्यांवर पट्टीही बांधावी लागत नाही. मुलाला सभागृहात नेण्यापूर्वी आपले दोन डोळे उघडे ठेवून वरचे चार प्रश्न विचारले, तरी पालक म्हणून आपला विवेकाचा डोळा जागा आहे, असे म्हणता येईल.